मेव्हनच्या मल्टी-मॉड्यूल बिल्डमध्ये पाथच्या या चुका टाळा

"माझ्या मशीनवर तर बिल्ड होतोय" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कमांड कुठल्या फोल्डरमधून चालवलीस? मेव्हन म्हणजे जावाचे प्रोजेक्ट बिल्ड करणारं टूल; मल्टी-मॉड्यूल म्हणजे एका रूट (सगळ्यात वरच्या) फोल्डरखाली अनेक चाइल्ड मॉड्यूल.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे पॅरेंट पॉममध्ये (सगळ्या मॉड्यूलना लागू होणाऱ्या मेव्हनच्या सेटिंग फाइलमध्ये) चेकस्टाइलच्या (कोडची शैली तपासणाऱ्या प्लगिनच्या) फाइलचा पाथ 'बेसडिर' (ज्या मॉड्यूलचा बिल्ड चालू आहे त्याचा फोल्डर) धरून लिहिणं. लिहिताना डोळ्यांसमोर रूट असतो. पण तेच कॉन्फिगरेशन चाइल्ड मॉड्यूलकडे वारशाने गेलं की बेसडिर त्या मॉड्यूलचा होतो आणि फाइल सापडत नाही. मग घाईतली मंडळी पाथमध्ये '../' (एक फोल्डर वर) घुसडतात. चाइल्ड चालतो, रूट मोडतो. मॉड्यूल एक पातळी खाली हलवला की तोही मोडतो. टिंबं मोजत केलेली दुरुस्ती मी रिव्ह्यूमध्ये पास करत नाही.

एका टीममध्ये आम्ही यावर 'मेव्हन.मल्टिमॉड्यूलप्रोजेक्टडिरेक्टरी' ही रूटचा पाथ देणारी प्रॉपर्टी वापरली. रूट ओळखायला मेव्हन '.एमव्हीएन' फोल्डर वर-वर शोधत जातं. नाही मिळाला तर जिथून कमांड चालवली तोच फोल्डर रूट धरतं. मी रूटमध्ये तो रिकामा फोल्डर केला. पण गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) रिकामे फोल्डर साठवत नाही! नव्याने आलेल्या मुलीने क्लोन घेतला, चाइल्डमध्ये जाऊन टेस्ट चालवल्या आणि बिल्ड पडला. सीआय (सर्व्हरवर आपोआप चालणारा बिल्ड) मात्र हिरवं, कारण तिथे कमांड रूटमधूनच चालायची. आम्ही दोन दिवस तिच्या जावाच्या सेटिंगमध्ये खोट शोधत होतो. तिला उगाच मनस्ताप झाला, हे मला अजून लागतं.

तेव्हापासून त्या फोल्डरमध्ये मी '.गिटकीप' नावाची रिकामी फाइल टाकतो, आणि पाथ बदलला की ताजा क्लोन घेऊन चाइल्डमधून बिल्ड चालवून बघतो. चेकस्टाइलचे नियम तर वेगळ्या मॉड्यूलच्या जारमध्ये ठेवून प्लगिनला डिपेंडन्सी म्हणून देतो. फाइल क्लासपाथवरून (जावा जिथे क्लास आणि फाइली शोधतं त्या यादीतून) मिळते, पाथची भानगडच उरत नाही.

टेस्टमधल्या फाइलीही क्लासपाथवरूनच वाचा. शुअरफायर (मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगिन) टेस्ट मॉड्यूलच्या फोल्डरमधून चालवतं, आयडीई (कोड लिहिण्याचं सॉफ्टवेअर) तसंच करेल असं नाही.

'एक्झेक:जावा' (मेव्हनमधून जावा प्रोग्रॅम चालवण्याची कमांड) मेव्हनच्याच जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) चालतं. त्यातले रिलेटिव्ह पाथ कमांड जिथून दिली तिथून धरले जातात.

चाइल्डच्या पॉममध्ये पॅरेंटचा 'रिलेटिव्हपाथ' (पॅरेंट पॉम कुठे आहे तो पाथ) न लिहिल्यास मेव्हन एकच पातळी वर बघतं. पॅरेंट तिथे नसला तर लोकल रिपॉझिटरीत (मशीनवरच्या मेव्हनच्या साठ्यात) पडलेला जुना पॅरेंट उचलला जातो आणि बिल्ड यशस्वीही होतो. वर भलताच पॉम सापडला तर मेव्हन वॉर्निंग देतं. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.