किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून एकट्याची ड्यूटी असेल तर

सकाळी टॉवरवर चढण्याआधी पंचांग बघ. हसू नकोस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६. तिथून सहाएक तासांनी पुरती ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा उतरतं पाणीही जोरात ओढतं. वेळापत्रक मोबाइलवर मिळतंच, पण हे गणित रेंज नसली तरी चालतं.

मग किनारा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून ये. आजूबाजूला लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा गप्प, जरा काळसर दिसतोय, तर माणसाला आत समुद्रात खेचणारी ओढ तिथेच आहे. पुण्या-मुंबईची मंडळी नेमकी तीच जागा ‘शांत पाणी’ म्हणून निवडतात. तिथे लाल झेंडा लाव आणि पोहायची हद्द त्यापासून लांब आख.

सामान फार नाही. रेस्क्यू ट्यूब, म्हणजे बुडणाऱ्याला धरायला द्यायचा लांबट तरंगता फोम, तिचा पट्टा न गुंतलेला. शिट्टी गळ्यात, खिशात नको. फिन्स (पोहताना पायात घालायचे पंखे), तोंडाने श्वास द्यायचा मास्क, कोरडा टॉवेल, चार्ज केलेला फोन.

खरी तयारी माणसांची. पाण्यात शिरलास की फोन करायला तू नाहीस आणि उरलेल्या किनाऱ्यावर नजर ठेवायलाही तू नाहीस. म्हणून चहाच्या टपरीवाल्या काकांना सकाळीच सांगून ठेव: तीन लांब शिट्ट्या ऐकल्या की १०८ किंवा ११२ लावायचा, गावाचं नाव, जवळची खूण आणि गाडी कुठल्या वाटेने आत येईल ते सांगायचं. कागदावर लिहून टपरीच्या खांबाला चिकटव, घाईत माणूस स्वतःच्या गावाचं नावही विसरतो. बोटवाल्यांपैकी एकाला सांग, त्याच शिट्टीला सगळ्यांना पाण्याबाहेर काढायचं.

बुडणारा ओरडत नाही, हे डोक्यात पक्कं बसव. डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूंनी पाणी दाबतायत आणि आवाज काही नाही. असा माणूस मिनिटभरही वर राहील याचा भरवसा नसतो. दिसला की आधी शिट्टी, मग उडी. टॉवरवरून उतरलास की लाटांच्या आड तो दिसेनासा होतो, म्हणून जवळच्या कुणालातरी त्याच्या दिशेने बोट दाखवत उभं कर. ‘बोट खाली घ्यायचं नाही’ असं दरडावूनच सांग.

जवळ पोचलास तरी हात देऊ नकोस, ट्यूब पुढे कर. भेदरलेला माणूस गळ्यात पडला तर त्याच्यासकट खाली जा, तो आपोआप सोडतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर निघा.

बाहेर आणलास की घट्ट वाळूवर, पाण्याच्या रेषेला समांतर आडवा ठेव, म्हणजे डोकं आणि धड एका पातळीत राहतं. हाक मार, हनुवटी वर कर, १० सेकंदांत श्वास बघ. नसेल तर आधी ५ श्वास. बुडालेल्याला कमी पडलेली असते ती हवा. मग ३० वेळा छाती दाब, २ श्वास, पुन्हा ३०. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत. तोंडातून फेस येत राहील, तो पुसत बसू नकोस. टपरी बंद, आसपास चिटपाखरू नाही, तर मिनिटभर हे करून मगच फोन. फोन स्पीकरवर वाळूत ठेवून हात पुन्हा छातीवर.

एवढ्यात गर्दीतून एक तरी काका येणारच: ‘पालथा घाल, पोट दाब, पाणी काढ!’ पोट दाबलं की पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं. काकांशी वाद घालू नकोस, त्यांना रुग्णवाहिकेला वाट दाखवायला रस्त्यावर पाठव.

श्वास सुरू झाला तर कुशीवर वळव, ओले कपडे काढून टॉवेलमध्ये गुंडाळ आणि नजर हटवू नकोस. तो उठून बसेल, नातेवाईक म्हणतील, ‘बरा आहे, गाडीतूनच घरी नेतो.’ श्वास थांबला होता, दवाखान्यात गेलाच पाहिजे, असं ठणकावून सांग. फुफ्फुसाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

गाडी गेल्यावर वहीत वेळा लिही: कधी दिसला, कधी बाहेर आला, श्वास कधी आला. हात थरथरत असतील, अक्षर वाकडं आलं तरी चालेल. बदली माणूस येईपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर लाल झेंडा लावून ठेव.