फोर्टनाईट म्हणजे नक्की किती दिवस? आणि वापरायचं कसं

आमच्या भाच्याला पुण्यातल्या एका कंपनीचा मेल आला, सोमवारी 3 तारखेला, की आजपासून एका फोर्टनाईटनं जॉइन व्हा. पोरानं पंधरा दिवस धरले आणि 18 ला मंगळवारी बॅग घेऊन हजर. बाकीच्यांचं जॉइनिंग आदल्या दिवशीच झालेलं. तोंड एवढंसं करून राजारामपुरीत घरी फोन केला त्यानं. पोराचं काय चुकलं, हा शब्द कुणी नीट समजावून सांगतच नाही, म्हणून लिहायला बसलोय.

फोर्टनाईट म्हणजे 14 दिवस, बरोब्बर दोन आठवडे. बोटं मोडत बसूच नका, वार बघा. सोमवारी सुरू झालं तर सोमवारीच संपणार, 3 चा सोमवार तर 17 चा सोमवार. माघातले ज्योतिबाचे खेटे, म्हणजे दर्शनाच्या वाऱ्या घ्या, दर रविवारी एक, पहिल्या खेट्यापासनं तिसरा खेटा म्हणजे एक फोर्टनाईट. आणि ज्यांच्या घरात ऊस आहे त्यांना तर 14 हा आकडा पाठच असतोय, ऊस कारखान्याला गेला की 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यायची असा नियमच आहे.

शब्दात फोर्ट दिसतंय म्हणून किल्ला समजू नका, पन्हाळ्यावर काढलेली रात्र नव्हे ती! फोर्टी म्हणजे चाळीस पण नव्हे. जुन्या इंग्रजीत 'चौदा रात्री' असं म्हणायचे, ते बोलता बोलता आखडत फोर्टनाईट झालं. रात्री का, तर ते जुने जर्मानिक लोक, म्हणजे इंग्रजांचे पूर्वज, काळ दिवसांनी नाही, रात्रींनी मोजायचे, टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकारानं इसवी सन 98 च्या सुमारास हे लिहून ठेवलंय. आठवड्याला पण तसाच 'सात रात्री'वाला सेनाईट शब्द होता, तो मागं पडला, हा टिकला.

मग आपण पंधरा का धरतो? कारण आपण दोन्ही टोकं मोजतो. 'आठ दिवसांनी ये' म्हणतो तेव्हा पुढच्या आठवड्यातला तोच वार असतो की नाही, म्हणजे खरे सातच दिवस. पंधरा दिवसांचं पण तसंच. शिवाय आपला पंधरवडा तिथींचा, चंद्राच्या हिशोबानं सरासरी पावणेपंधरा दिवसांचा, तो कधी 14 कधी 15 दिवसांचा पडतो, फोर्टनाईट मात्र हलत नाही. मला आपली तिथींची मोजणीच जास्त आवडते खरं, पण ऑफिसात ती चालत नाही.

आता वापर. 'इन अ फोर्टनाईट' म्हणजे दोन आठवड्यांनी, 'फॉर अ फोर्टनाईट' म्हणजे दोन आठवडे सलग, आणि 'विदिन अ फोर्टनाईट' म्हणजे त्याच्या आत कधीही. या तिघांत लई जण घोटाळा करतात, आणि सुट्टीच्या अर्जात 'फॉर'च्या जागी 'इन' पडलं की अर्थच बदलतोय. दर दोन आठवड्यांनी होणाऱ्या गोष्टीला फोर्टनाईटली लिहा, बायवीकली नको, कारण त्याचा अर्थ आठवड्यातनं दोनदा असाही होतो.

क्लायंट अमेरिकेतला असेल तर सरळ 'टू वीक्स' लिहा, तिकडं फोर्टनाईट फारसं कुणी बोलत नाही. आणि कुठंही लिहा, पुढं वार आणि तारीख टाकायचीच, 'सोमवार 17' एवढं त्या मेलमध्ये असतं तर पोरगं वेळेत पोचलं असतं.