उंदराच्या पिल्लाच्या दृष्टिपटलावरच्या लाटा कशा नोंदवायच्या

उंदराचे डोळे जन्मानंतर चौदाव्या दिवसाच्या आसपास उघडतात. त्याआधीच दृष्टिपटलावर आपोआप लाटा उठतात: शेजारच्या पेशी एकत्र पेटतात, म्हणजे विद्युत संकेत सोडतात, लांबच्या पेटत नाहीत. कोण कुणाचा शेजारी, हे मेंदूला यातून कळतं आणि त्यानुसार जोडण्या टिकतात किंवा सुटतात.

प्राणी-प्रयोग नैतिकता समितीची परवानगी असेल तरच कामाला लागा. पिल्लं ४ ते ७ दिवसांची हवीत. या वयात लाट दृष्टिपटलातल्या स्टारबर्स्ट नावाच्या चेतापेशींच्या अ‍ॅसिटिलकोलिनवर चालते. दहाव्या दिवसानंतर ती ग्लुटामेटवर जाते. दोन्ही चेतापेशींमधली संदेशवाहक रसायनं आहेत.

दृष्टिपटल जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाचं प्रमाण, मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड ११९, सोडियम बायकार्बोनेट २६, ग्लुकोज ११, पोटॅशियम क्लोराइड २.५, डायपोटॅशियम फॉस्फेट १, मॅग्नेशियम क्लोराइड १.३, कॅल्शियम क्लोराइड २.५. आधी ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडा, कॅल्शियम सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की द्रावण दुधाळ होतं. ते गाळून वापरायचा मोह टाळा. कॅल्शियम गाळातच गेलेलं असतं.

दृष्टिपटल सोडवून गँग्लियन पेशींची (मेंदूकडे संकेत पाठवणाऱ्या पेशींची) बाजू वर ठेवत फिल्टर पेपरवर पसरा. वरचा चिकट काचद्रव नीट काढा. नुसतं रंगद्रव्यात बुडवून या थरात रंग फारसा शिरत नाही. बारीक काचनळीने आतल्या पडद्याखाली कॅल-५२० एएम (पेशीत कॅल्शियम वाढलं की चमकणारं रंगद्रव्य) हलक्या दाबाने सोडलेलं बरं.

तापमान ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि सेकंदाला किमान दोन फ्रेम ठेवा. लाट सेकंदाला १०० ते २०० मायक्रोमीटर सरकते, म्हणजे ५०० मायक्रोमीटरचं क्षेत्र अडीच ते पाच सेकंदांत ओलांडते. दोन सेकंदांना एक फ्रेम घेतली तर नुसती चमक दिसेल, दिशा कळणार नाही. दोन लाटांमध्ये मिनिटभर किंवा जास्त शांतता असते, म्हणून पाच मिनिटांत कंटाळू नका. वीस मिनिटं तरी नोंदवा.

सगळं क्षेत्र एकाच फ्रेममध्ये उजळलं तर ती लाट समजू नका. बहुतेकदा ऊतक हललेलं असतं किंवा फोकस सरकलेला असतो. रंगद्रव्य चमकवणारा निळा प्रकाश मंद ठेवा, कारण मेलनॉप्सिन हे प्रकाशसंवेदी प्रथिन असलेल्या गँग्लियन पेशी या वयातही प्रकाशाला प्रतिसाद देतात.

खात्रीसाठी डायहायड्रो-बीटा-एरिथ्रॉइडिन हे अ‍ॅसिटिलकोलिनचा परिणाम रोखणारं औषध ८ मायक्रोमोलर द्या. लाटा थांबल्या नाहीत तर आधी पिल्लाचं वय तपासा. थांबल्या, पण औषध धुऊन काढल्यावरही परतल्या नाहीत, तर श्रेय औषधाला देऊ नका. ऊतकच मेलेलं असू शकतं.