उंदरांची वीण सुरू होण्याआधी: कोरडवाहू शेतात बंदोबस्त केव्हा आणि कसा करावा

शिरूर, दौंड, बारामती, इंदापूरच्या कोरडवाहू बांधांवर राहणारा भारतीय जरबिल हा उंदीर थरच्या वाळवंटातही राहतो. मोठे डोळे, उड्या मारत पळणे आणि लांब शेपटीच्या टोकाला काळसर केसांचा झुपका, ही त्याची ओळख. बिळाला दोन-तीन तोंडे असतात आणि ती बहुधा उघडी असतात. तोंडाशी बारीक मातीचा ढीग दिसला आणि तोंड मातीने बुजवलेले असेल, तर ते बीळ काळ्या शेतउंदराचे समजावे.

कोरड्या मुलखातल्या उंदराची वीण पावसाच्या मागे चालते. पाणी तो फारसे पीत नाही, ओलावा दाणे, कोवळी पाने आणि किड्यांतूनच मिळवतो. पोटात पिल्ले वाढवायची आणि नंतर दूध पाजायचे तर मादीला प्रथिने आणि पाणी दोन्ही भरपूर लागते, आणि ते हिरवळ फुटल्यावरच मिळते. जूनच्या पावसानंतर गवत उगवते, त्यावर वीण वाढते. गर्भ साधारण चार आठवड्यांचा असतो आणि पिल्ले पुढे तीनेक आठवडे अंगावर पितात. म्हणून बाजरी निसवायच्या, म्हणजे कणसे बाहेर पडायच्या सुमाराला शेतात नवे उंदीर दिसू लागतात. पाऊस हुकला की वीण मंदावते. कालव्याच्या उसात मात्र बारमाही ओल आणि खाणे असते, तिथे वीण फारशी थांबतच नाही.

म्हणून मोहीम मे ते जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी. तेव्हा संख्या कमी असते, रानात खाणे नसते, त्यामुळे आमिष लगेच उचलले जाते. पीक दाण्यावर आल्यावर तेच आमिष पडून राहते. शेजारच्या बांधांवरही त्याच आठवड्यात काम व्हायला हवे, नाहीतर रिकामी बिळे पुन्हा भरतात.

वीण चालू आहे का हे पाहायचे तर संध्याकाळी जाळीच्या पिंजऱ्यात तेल लावलेली भाकरी ठेवावी. मादीच्या स्तनाग्रांभोवतालचे केस गेलेले आणि स्तनाग्रे फुगलेली असली तर ती पिल्लांना पाजते आहे. जाड हातमोजे हवेतच, उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

पहिल्या संध्याकाळी सगळी बिळे ओल्या मातीने बुजवा. सकाळी जी उघडली ती जिवंत, तेवढीच मोजून खूण करा. मग दोन-तीन दिवस त्यांत बाजरी किंवा ज्वारीचा भरडा थोडे तेल चोळून बिनविषारी ठेवा. ही पायरी टाळली तर उंदीर विषाची चव घेऊन थोडेच खातो, आजारी पडून वाचतो आणि पुढे त्या आमिषाला तोंड लावत नाही.

चौथ्या दिवशी ९६० ग्रॅम भरडा, २० ग्रॅम खाद्यतेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड हे उंदरांचे विष काठीने मिसळा. नाक-तोंड झाकून, मोकळ्या हवेत. पाण्याचा थेंबही नको, ओल लागली की विषारी फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. कागदात बांधलेली १० ग्रॅमची पुडी बिळात खोल सरकवा आणि तोंड बुजवा. बांधावर उघडी पुडी कधीही टाकू नका. गाय-कुत्री त्या दिवशी बांधून ठेवा, आणि मेलेले उंदीर वेचून खोल पुरा, नाहीतर शेतातले उंदीर खाणारे गव्हाणी घुबडही मरू शकते.

तीन दिवसांनी बिळे पुन्हा बुजवून मोजा. आधी ६० उघडली होती आणि आता १२ उघडली, तर घट ८० टक्के. या १२ बिळांत झिंक फॉस्फाईड पुन्हा वापरू नका. साधारण पंधरा दिवसांनी ब्रोमॅडिओलोनची तयार वडी, प्रत्येक बिळात एक, खोल ठेवा. ते रक्त गोठू देत नाही आणि काही दिवसांनी मारते, म्हणून उंदीर सावध होत नाही. चुकून पोटात गेल्यास दवाखान्यात विषाचे वेष्टन सोबत न्यावे, याला व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे.