फिश टँकच्या पंपासाठी घरगुती बॅटरी बॅकअप : या चुका टाळा

लाइट गेल्यावर माशांना आधी कमी पडते ती हवा. दिवा नसला तरी त्यांचं काही बिघडत नाही, पाणीही लगेच थंड होत नाही. पण पृष्ठभाग हलायचा थांबला, की गर्दीच्या टाकीत काही तासांतच मासे वर येऊन धापा टाकू लागतात. म्हणून बॅकअप फक्त एअर पंपासाठी बांधा. १०० वॉटचा हीटर १२ व्होल्टच्या बॅटरीतून आठ ॲम्पियरच्या वर करंट ओढतो. ७ एएचची (ॲम्पियर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरी तासाभराच्या आत मान टाकते.

पहिली चूक, बॅटरी आणि पंपाच्या मध्ये इन्व्हर्टर घालणं. तीन-चार वॉटच्या पंपासाठी लावलेला इन्व्हर्टर स्वतःच अनेकदा पंपाहून जास्त खातो. स्वस्तातला असेल तर पंप गुरगुरतो, तापतो. त्यापेक्षा १२ व्होल्टचा डीसी एअर पंप घेऊन थेट बॅटरीवर चालवा. नेहमीचा एसी पंप मात्र थेट बॅटरीला जोडू नका. त्याचा पडदा एसी करंटच्या उलटसुलट होण्यामुळे थरथरतो. डीसीवर तो एकदा ‘टक्’ करतो आणि गप्प बसतो.

कागदावरच्या एएचवर विसंबणं. ३ वॉटचा पंप १२ व्होल्टवर ०.२५ ॲम्पियर घेतो. ७ एएच भागिले ०.२५ म्हणजे २८ तास, हे उत्तर कागदापुरतं. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त वारंवार उतरवली की लवकर मरते, म्हणून १४ तास धरा. ११.५ व्होल्टला पंप तोडणारं कट-ऑफ मॉड्यूलही लावा.

१२ व्होल्टच्या साध्या अडॅप्टरवर चार्जिंग. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टचा अडॅप्टर तिला भरणार कसा? कायम जोडून ठेवायचा चार्जर १३.५ ते १३.८ व्होल्टचा हवा. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी असेल तर तिचाच चार्जर आणि आत बीएमएस (बॅटरीला जास्त भरण्या-उतरण्यापासून जपणारं सर्किट) हवाच.

रिलेची कॉइल चार्जरवरून घेणं. रिले म्हणजे लाइट गेल्यावर पंप आपोआप सुरू करणारा स्विच; त्याच्या कॉइलची वीज गेली की तो सुटतो आणि पंप चालतो. सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक हीच. चार्जरचं आउटपुट बॅटरीला जोडलेलं असतं. लाइट गेली तरी बॅटरी त्याच तारेतून कॉइलला वीज देत राहते, रिले सुटतच नाही आणि पंप सुरू होत नाही. कॉइलसाठी वेगळा छोटा १२ व्होल्टचा अडॅप्टर ठेवा, त्याचा बॅटरीशी काहीही संबंध नको. जोडणी अशी: बॅटरीचा प्लस, मग फ्यूज, मग कट-ऑफ, तिथून रिलेचा एनसी (कॉइलला वीज नसताना कॉमनला जोडलेलं टोक), कॉमनवरून पंपाचा प्लस, पंपाचा मायनस कट-ऑफमधून परत बॅटरीला. एनसीऐवजी एनओला (कॉइलला वीज असतानाच जोडलं जाणारं टोक) तार लागली तर पंप लाइट असतानाच चालतो आणि लाइट गेली की बंद पडतो. लाइट गेल्यावर ‘क्लिक’ यायला सेकंदभर लागला तर घाबरू नका, अडॅप्टरमधला कपॅसिटर रिकामा होत असतो.

फ्यूज (वरच्या ३ वॉटच्या पंपाला १ ॲम्पियर पुरतो) बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरातच बसवा. तो पंपापाशी असेल, तर अलीकडची तार शॉर्ट झाल्यावर ती वितळेपर्यंत कोणी अडवणार नाही.

पाण्याचा विचार न करणं. पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली असेल आणि तो थांबला, तर हवेच्या नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. लावण्याआधी दोन्ही बाजूंनी फुंकून पाहा, हवा एकाच दिशेने गेली पाहिजे; तीच दिशा टाकीकडे ठेवा. वायरलाही सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारा थेंब तिथेच गळेल.

पॉवर बँक वापरणार असाल तर लक्षात ठेवा: करंट फार कमी असला, की अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात.

पंप चाललाच नाही तर मल्टिमीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर ठेवा आणि लाल प्रोब क्रमाने बॅटरीचा प्लस, फ्यूजच्या पलीकडे, एनसी, कॉमन असा सरकवा. व्होल्टेज जिथे गायब होईल, दोष त्याच्या लगेच आधी आहे. कॉमनपर्यंत सगळीकडे १२ च्या आसपास दिसलं, तर पंप आणि मायनसची तार तपासा. पंप चालतो पण बुडबुडे मंद असतील तर आधी एअर स्टोन (नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) काढून पाहा, बहुतेकदा तोच चोंदलेला असतो. मग चालू पंपाच्या टोकांवरचं आणि बॅटरीवरचं व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे.

कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) या बॅकअपवर नाही, हे विसरू नका. तो काही तास बंद राहिला तर आतला ऑक्सिजन संपून पाणी कुजतं. ते टाकीत सोडू नका. फिल्टर उघडून पाणी ओता, मीडिया (आतले स्पंज, खडे वगैरे) टाकीच्याच पाण्यात खळबळा आणि मग सुरू करा.

महिन्यातून एकदा कॉइलचा अडॅप्टर आणि चार्जर दोन्हींचे प्लग काढा, पंप दोन तास चालू द्या आणि चालू पंपावरच बॅटरीचं व्होल्टेज मोजा. ७ एएचची चांगली बॅटरी एवढ्या वेळात १२.३ च्या खाली जात नाही. गेली, तर चार्जर तपासा. तो ठीक असेल तर बॅटरी बदला.