होळकरी रुपया कसा वाचावा

होळकरी रुपयाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचा. एकीकडे फारसीत दिल्लीच्या मुघल बादशहाचे नाव असते. राज्य खरे कोणाचे, ते दुसरीकडचे चिन्ह सांगते.

नाणे चिंच-लिंबाने घासू नका, सराफ्यात नेऊन कसही लावू नका. अक्षरांच्या कडा एकदा गेल्या की गेल्या. कडेने धरा आणि टॉर्चचा उजेड जवळजवळ आडवा पाडा. सावलीमुळे झिजलेली अक्षरेही उठून दिसतात.

खरी पंचाईत वेगळीच. ठसा धातूच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने प्रत्येक नाण्यावर मजकुराचा थोडाच भाग उतरतो. म्हणून एकाच छापाच्या चार-पाच नाण्यांचे फोटो एकाच मापात मोठे करून बटर पेपरवर गिरवा आणि 'शाह आलम' हे बादशहाच्या नावाचे शब्द एकमेकांवर बसतील असे कागद ठेवा. मग बादशहाच्या गौरवाची फारसी द्विपदी जुळू लागते: 'हामी-ए दीन-ए मुहम्मद', म्हणजे मुहम्मदाच्या धर्माचा रक्षक. आता नाणे उलटा. 'जर्ब मल्हारनगर', म्हणजे इंदूरची टांकसाळ, आणि अहिल्याबाईंच्या काळातल्या छापावर शिवलिंग व बेलपान! बादशहाचे नाव असल्याने रुपया परमुलखात चाले, लिंगामुळे रयतेला धनी कळे. फारसी न येणाऱ्यालाही बेलपान वाचता येतेच.

हिजरी सनाला 0.97 ने गुणून 622 मिळवा. 1207 म्हणजे साधारण 1792-93. फारसी 2 आणि 3 झिजल्यावर सारखेच दिसतात, तेव्हा भिंगाखाली दाते मोजा. केवळ बादशहाच्या नावावरून काळ ठरवू नका. शाह आलम 1806 मध्ये वारला, पण त्याचे नाव होळकरी नाण्यांवर पुढे कित्येक दशके टिकले.

यशवंतरावांचा शके 1728 चा रुपया मात्र वेगळा. 78 मिळवले की 1806. इथे मजकूरच संस्कृत आहे. बादशहा 'इंद्रप्रस्थस्थितो राजा चक्रवर्ती' होतो, मुद्रा त्याच्या प्रसादाने पाडलेली, आणि मागे यशवंतरावांचे चित्त लक्ष्मीकांताच्या पदकमळावरचा भुंगा. मान दिल्लीला, पण भाषा आणि देव आपले. माझ्या मते होळकरांचे सर्वात धीट नाणे हेच.

ते दुर्मीळ आहे. स्वस्तात मिळू लागले तर आधी कड बघा: भोवती सांध्याची रेघ किंवा पृष्ठावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असली, तर ते ठोकलेले नसून ओतलेले आहे.