कादंबरीचा काळ कोलाजमधून शिकवताय? या चुका टाळा

पिवळट कागदाची पार्श्वभूमी, मध्यभागी सम्राटाचं चित्र, बाजूला तोफा, एक नकाशा आणि वर वळणदार अक्षरात कादंबरीचं नाव. असं डिजिटल कोलाज देखणं दिसतं, म्हणून गुणही चांगले मिळतात. पण कादंबरीचं नाव झाकलं तर तेच कोलाज त्या काळावरच्या दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला चालून जाईल. मुलांनी काळाची माहिती शोधली खरी, पुस्तक मात्र उघडलंच नाही.

टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’चं उदाहरण घेऊ.

विषय देताना होणारी चूक

‘नेपोलियनची युद्धं’ एवढाच विषय दिला, तर इंटरनेटवरची पहिली दहा चित्रं येणार, दुसरं काही नाही. विषयाऐवजी परिच्छेद द्या. ही रशियन कादंबरी सुरू होते तीच मुळी फ्रेंच संवादाने: १८०५ साल, उमरावांची बैठक, आणि नेपोलियनला शिव्या घालायच्या त्याही फ्रेंचमध्येच. पुढे १८१२ मध्ये नेपोलियन रशियावर स्वारी करतो आणि युद्ध मॉस्कोकडे सरकतं, तेव्हा त्याच वर्गातल्या एका बैठकीत फ्रेंच बोलणाऱ्याला दंड लावला जातो. या दोन प्रसंगांमध्ये काय बदललं, ते चित्रांतून दाखवा, असं सांगून पाहा. मग मुलं तोफा शोधत नाहीत. फ्रेंच पत्रं, पोशाख, दिवाणखाने, आणि त्यांच्या शेजारी ठेवायला इव्हान तेरेबेनेव्हची त्याच युद्धाच्या वेळची नेपोलियनविरोधी व्यंगचित्रं शोधू लागतात. कोलाजला स्वतःचं म्हणणं येतं ते इथून.

चित्राची तारीख न पाहणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, आणि ती सहज नजरेतून सुटते. १८१२ च्या प्रसंगासाठी एखाद्या गटाने सैनिकांचा ‘जुना फोटो’ लावला असेल तर थांबवा. छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धत, दागेरोटाइप, जगासमोर आली १८३९ मध्ये. म्हणजे तो फोटो नंतरच्या एखाद्या युद्धाचा आहे, चित्रपटातला आहे किंवा हौशी मंडळींनी हुबेहूब गणवेश घालून काढलेला आहे.

चित्रांबाबतही तेच. बर्फातून मान खाली घालून परतणाऱ्या नेपोलियनचं आडोल्फ नॉर्थेनचं चित्र मुलांना हमखास सापडतं. ते रंगवलं १८५१ मध्ये, आणि नॉर्थेनचा जन्मच १८२८ चा. ते लावू नका असं मी म्हणणार नाही. पण ते माघारीचा पुरावा नाही. पुढच्या पिढीने ती माघार कशी पाहिली, याचा आहे. हा फरक कळणं म्हणजेच ऐतिहासिक संदर्भ कळणं.

उपाय अगदी छोटा आहे. प्रत्येक चित्राखाली दोन सालं लिहायला लावा: घटनेचं आणि चित्र तयार झाल्याचं. साल सापडत नसेल तर रिव्हर्स इमेज सर्च करून, म्हणजे चित्रच शोधयंत्रात टाकून, मूळ संग्रहालयाच्या पानापर्यंत जायचं. तरीही नाही सापडलं, तर चित्र काढून टाकायचं. एआयने बनवलेल्या चित्राला तर घटनेच्या काळातलं सालच नसतं. ते वापरायचंच असेल तर तसं स्पष्ट लिहून, आणि माझ्या मते पुरावा म्हणून कधीच नाही.

एकच काळ धरून बसणं

कथा घडते तो एक काळ आणि ती लिहिली गेली तो दुसरा. ही कादंबरी १८६५ ते १८६९ दरम्यान प्रसिद्ध झाली. रशियात भूदासपद्धत, म्हणजे शेतकऱ्यांना जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी व्यवस्था, रद्द झाली १८६१ मध्ये, म्हणजे पहिल्या वाचकांसाठी जमीनदार आणि शेतकरी यांचं नातं नुकतंच हललेलं होतं. शेतकऱ्यांचे प्रसंग वाचताना हे माहीत असलं की वाचन बदलतं.

कोलाजमध्ये या दुसऱ्या काळासाठी वेगळा लेयर ठेवा. त्यात बसेल असं एक चित्र सुचवते: शार्ल मिनारचा १८६९ चा, रशियावरच्या स्वारीचा आलेख. जाडजूड पट्टा रशियाच्या तेव्हाच्या सीमेवरच्या नेमन नदीपाशी ४,२२,००० सैनिकांनी सुरू होतो, मॉस्कोपर्यंत १,००,००० उरतात आणि परत येतात १०,०००. कादंबरी पूर्ण झाली त्याच वर्षी एक फ्रेंच अभियंता तीच स्वारी पट्ट्याच्या जाडीने सांगत होता. दोन्ही शेजारी ठेवून मुलांना बोलू द्या.

छोट्या अडचणी

दोन गटांच्या तारखा जुळत नाहीत? त्याच स्वारीतली, मॉस्कोजवळची बोरोदिनोची लढाई एकाकडे २६ ऑगस्टला, दुसऱ्याकडे ७ सप्टेंबरला दिसेल. दोन्ही बरोबर आहेत. रशियात तेव्हा जुनी, ज्युलियन दिनदर्शिका चालायची आणि ती १२ दिवस मागे होती. वर्गात एकच पद्धत ठरवा.

जुनं चित्र कॉपीराइटमुक्त असलं तरी त्याच्या फोटोवर संग्रहालयाच्या अटी असू शकतात. विकिमीडिया कॉमन्सवर फाइलच्या पानावर परवाना लिहिलेला असतो, तो वाचायची सवय लावा.

चित्रांची गर्दी झाली असेल तर गटाला एकेक चित्र लपवून पाहायला सांगा. ज्याच्या जाण्याने परिच्छेदाच्या वाचनात काहीच फरक पडत नाही, ते काढायचं. आणि गुण देताना निम्मे तरी कोलाजसोबतच्या टिपणाला ठेवा: कुठलं वाक्य वाचून हे चित्र निवडलं, पान क्रमांकासह.